जाझ गिटारवर कॉम्पिंग सुधारायचं असेल तर

जाझ गिटार शिकणारे बरेच जण रियाजाचा सगळा वेळ स्केल्स, आर्पेजिओ आणि सोलोच्या लिक्समधे घालवतात, आणि प्रत्यक्ष बँडमधे वाजवायला बसलं की हिशोब बरोबर उलटा निघतो. सॅक्स, ट्रम्पेट, गिटार, बेस, ड्रम्स असा पाच जणांचा ग्रुप धरा. थीम झाली, सॅक्सने चार कोरस (गाण्याच्या पूर्ण फेऱ्या) घेतले, ट्रम्पेटने तीन, मग तुमचे दोन, मग बेसचा सोलो, मग ड्रम्सबरोबर चार-चार बारची (बार म्हणजे चार बीटचा गट) देवाणघेवाण आणि परत थीम. म्हणजे तुमचा सोलो जेमतेम दोन मिनिटांचा आणि बाकी जवळजवळ सगळा वेळ तुम्ही दुसऱ्याला साथ करताय. ती साथ, म्हणजेच कॉम्पिंग, चांगली असेल तर लोक पुन्हा बोलावतात, सोलो कितीही भारी असला आणि साथ जड असली तर नाही बोलावत.

माझं ठाम मत एवढंच आहे की चांगल्या कॉम्पिंगला खूप कॉर्ड्स यायची गरज नसते, दोन-तीन नोटांचे कॉर्ड, पक्की लय आणि समोरच्याकडे लक्ष एवढ्यावर खूप लांब जाता येतं. पुस्तकात शेकडो कॉर्ड शेप्स असतात ते पाठ करण्यात लोकांची वर्षं जातात आणि रिदम मात्र तिथेच राहतो. त्यामुळे खाली मी कॉर्ड्सबद्दल जेवढं लागतं तेवढंच सांगतो आणि रिदमबद्दल जास्त.

आधी सहा तारांचा बॅरे कॉर्ड सोडा. रॉकमधे तो चालतो, जाझमधे तो अडचण करतो. कारण साधं आहे, रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ स्वर, बेसिस्ट वाजवतोच, तुम्ही तोच रूट खाली परत वाजवलात तर बेसच्या आवाजाशी टक्कर होते आणि सगळं गढूळ ऐकू येतं. फिफ्थमुळे, म्हणजे रूटपासूनच्या पाचव्या स्वरामुळे, कॉर्ड मेजर आहे का मायनर हे कळत नाही, म्हणजे ती बहुतेक वेळा नसली तरी चालते. कॉर्डचा खरा स्वभाव थर्ड (तिसरा स्वर) आणि सेव्हन्थ (सातवा) या दोन नोटांमधे असतो. या दोन नोटा आणि हवा तर खाली रूट, याला शेल व्हॉइसिंग म्हणतात, आणि सुरुवात इथूनच करावी.

सी मेजरमधलं टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड, घ्या, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. डी मायनर सेव्हनसाठी सहाव्या तारेवर दहावा फ्रेट मधल्या बोटाने, आणि चौथी आणि तिसरी तार दोन्ही दहाव्याच फ्रेटवर अनामिका आडवी टाकून. जी सेव्हनसाठी मधलं बोट पाचव्या तारेवर दहाव्या फ्रेटला सरकवा, चौथी तार नववा फ्रेट पहिल्या बोटाने, तिसरी तार दहावा. सी मेजर सेव्हनला सहावी तार आठवा फ्रेट, चौथी आणि तिसरी दोन्ही नववा. आता फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे बघा. पहिल्या कॉर्डमधे सी आणि एफ, दुसऱ्यात सी एक फ्रेट खाली येऊन बी झाला आणि एफ जागेवरच राहिला, तिसऱ्यात बी जागेवर राहिला आणि एफ एक फ्रेट खाली येऊन ई झाला. तीन कॉर्ड बदलले आणि एका वेळी एकच नोट, तीही एकच फ्रेट हलली. हे कानाने पकडा, नुसतं बोटांनी नको. ही हालचाल ऐकू यायला लागली की प्रत्येक स्टँडर्डमधे (जाझमधल्या नेहमीच्या गाण्यात) तीच दिसते, कारण जाझच्या गाण्यांमधे टू-फाइव्ह-वन वेगवेगळ्या स्केलमधे सतत येत राहतं.

शेल वाजवताना मधली तार बंद ठेवणं हा अर्धा खेळ आहे. सहाव्या तारेवरच्या बोटाचं टोक किंचित पुढे रेटून पाचव्या तारेला नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. वरच्या म्हणजे पहिली-दुसरी या दोन तारा पहिल्या बोटाच्या खालच्या भागाने अलगद झाकायच्या. मग उजव्या हाताने सगळ्या तारांवरून स्ट्रोक मारला तरी तीनच नोटा वाजतात. सावकाश एकेक तार छेडून तपासा कुठली गळतेय ते, याला पाच मिनिटं लागतात पण नंतर फार फरक पडतो.

हे बसलं की लगेच लयीवर या, नवीन कॉर्डवर नको. मेट्रोनोम ६० वर लावा आणि तो टिक एक-तीनवर नाही तर दोन आणि चारवर पडतोय असं धरा, म्हणजे खरा टेम्पो १२० झाला. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, टिक आपोआप एकवर सरकल्यासारखा वाटतो, तेव्हा थांबायचं, तोंडाने मोजायचं आणि परत सुरू करायचं. आता प्रत्येक बीटला एक डाउनस्ट्रोक, बारमधे चार, दोन आणि चारवर अगदी थोडा जोर. गिटारिस्ट फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमधे १९३७ ला आला आणि १९८७ मधे वारला तोपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, मुख्यतः हेच करत होता, तेही ॲम्पशिवाय. पूर्ण बिग बँडमधे त्याची गिटार वेगळी ऐकू यायची नाही, पण सगळा बँड त्या चार स्ट्रोक्सवर पुढे जायचा. त्याच्या कॉर्डमधून बऱ्याचदा एक-दोनच नोटा स्पष्ट निघायच्या.

यातली मेख डाव्या हातात आहे. स्ट्रोक उजवा हात मारतो पण कॉर्ड किती वेळ वाजणार हे डावा ठरवतो. बोटं तारेवरच ठेवून दाब सोडला की आवाज थांबतो. पूर्ण बीटभर लांब धरून बघा, मग अर्धा बीट, मग एकदम तोकडा. तोच कॉर्ड, तोच टेम्पो, आणि तीन वेगळी गाणी वाटतात. स्विंग येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम कॉर्ड चुकीच्या वेळी सुरू होण्याचा नसतो, चुकीच्या वेळी संपण्याचा असतो.

आता चार-बीट साथ सगळीकडे चालत नाही. ड्रमर राइड सिंबलवर मोकळं वाजवतोय, बेस वॉकिंग करतोय (प्रत्येक बीटला एक नोट), तिथे तुम्ही पण चार बीट कुटत बसलात तर हवाच राहत नाही. तिथे लागतं ते मोकळं कॉम्पिंग, मधे मधे पडणारे कॉर्ड, आणि त्यासाठी सगळ्यात आधी एकच रिदम शिका, चार्ल्सटन. बार मोजा, एक अँड दोन अँड तीन अँड चार अँड. पहिला कॉर्ड एकवर, दुसरा दोन नंतरच्या अँडवर, बाकी सगळं रिकामं. बस एवढंच. पहिला जरा लांब, दुसरा तोकडा. स्विंगमधे अँड बरोबर मधोमध नसतो, थोडा उशिरा येतो, बीटचे तीन भाग केले तर तिसऱ्या भागावर, आणि टेम्पो जसा वाढतो तसा तो हळूहळू मधोमध सरकतो. अतिशय फास्ट गाण्यात जवळजवळ सरळच होतो.

हा रिदम आधी कॉर्डशिवाय वाजवा, डावा हात तारांवर नुसता ठेवून, चक् चक् असा आवाज काढत, पाय दोन आणि चारवर. तोंडाने म्हणता येत नसेल तर हातातून येणार नाही हे पक्कं समजा. मग कॉर्ड घालून पूर्ण कोरस फक्त हाच रिदम, काहीही झालं तरी बदलायचा नाही. कंटाळा येईल, येऊ द्या, कारण एकच आकृती बारा किंवा बत्तीस बार न हलता धरून ठेवता येणं हीच खरी परीक्षा असते. मग तीच आकृती अर्ध्या बीटने पुढे सरकवा, पहिला कॉर्ड एक नंतरच्या अँडवर आणि दुसरा तीनवर. मग अजून अर्ध्याने, दोनवर आणि तीनच्या अँडवर. अशा आठ जागा होतात आणि प्रत्येक जागेची चव वेगळी आहे. माझ्या मते एकच्या अँडवरून सुरू होणारी सगळ्यात उपयोगी, कारण एक बेस आणि ड्रम्सला मोकळा सोडला की सगळा ग्रुप हलका वाटतो.

याच्याबरोबर एक सवय लावून घ्या, पुढच्या बारचा कॉर्ड अर्धा बीट आधी, म्हणजे चारच्या अँडवर मारायची. जी सेव्हनच्या बारमधल्या शेवटच्या अँडवर सी मेजर सेव्हन आला आणि पुढच्या बारच्या एकवर काहीच नाही. हे करताना लक्षात ठेवायचं की तिथे पुढचा कॉर्ड वाजवायचाय, चालू असलेला नाही. हात अर्धा बीट आधी पोचायला हवा त्यामुळे डोकं पण एक कॉर्ड पुढे लागतं, आणि नेमकं तेच जमत नसतं म्हणून सुरुवातीला ६० च्या आसपासच्या टेम्पोलाच करा.

आता परत कॉर्डकडे, थोडं रंग भरायला. बेसिस्ट बरोबर असेल तर शेलमधला रूट काढून टाका आणि त्याऐवजी वर दुसरी तार घ्या. चौथी, तिसरी, दुसरी अशा तीन तारा. डी मायनर सेव्हनला दहा-दहा-दहा, जी सेव्हनला नऊ-दहा-दहा, सी मेजर सेव्हनला नऊ-नऊ-आठ. जी सेव्हनच्या वर आता ए आहे म्हणजे तो जी नाइन झाला, कुठलाही नवीन शेप न शिकता. आता त्याच जी सेव्हनला दुसरी तार दहाऐवजी नववा फ्रेट करा, ए फ्लॅट, फ्लॅट नाइन. तिन्ही कॉर्ड एकामागोमाग सावकाश वाजवा आणि फक्त दुसरी तार ऐका. दहा, नऊ, आठ. ए, ए फ्लॅट, जी. वर एक छोटी सुरावट तयार झाली, आणि ऐकणाऱ्याला कॉर्डचं नाव कळो न कळो, ही वरची ओळ कळतेच. कॉम्पिंगमधे सगळ्यात वरची नोट ही दुसरी मेलडी असते. ती वेड्यावाकड्या उड्या मारत असेल तर कितीही महागडे कॉर्ड असोत, साथ अस्वस्थ वाटते. ती शक्यतो जागेवर राहावी किंवा शेजारच्या नोटवर जावी.

जाता जाता, बी आणि एफ या दोन नोटा जी सेव्हनच्या थर्ड आणि सेव्हन्थ आहेत आणि डी फ्लॅट सेव्हनच्या पण, फक्त अदलाबदल होऊन. म्हणून ट्रायटोन सबस्टिट्यूशन नावाचं जे मोठं प्रकरण असतं ते बेसिस्टने जीऐवजी डी फ्लॅट वाजवला की तुमचा हात न हलवता आपोआप होतं.

चार नोटांचे कॉर्ड लागतात तेव्हा ड्रॉप टू शिका. सी ई जी बी असा सलग कॉर्ड गिटारवर पकडणं अवघड, म्हणून वरून दुसरी नोट एक सप्तक खाली टाकायची, म्हणजे जी सी ई बी. वरच्या चार तारांवर ते पाच-पाच-पाच-सात असं येतं, चौथ्या तारेपासून मोजत. तेच टू-फाइव्ह-वन इथे असं जातं, डी मायनर सेव्हन सात-सात-सहा-आठ, जी सेव्हन पाच-सात-सहा-सात, सी मेजर सेव्हन पाच-पाच-पाच-सात. प्रत्येक कॉर्डची चार इन्व्हर्जन्स (त्याच नोटांच्या वेगळ्या मांडण्या) असतात, पण सगळी एकदम पाठ करू नका, एका गाण्यात एका भागात लागतात तेवढी बसवा आणि ती खरंच वाजवून जुनी करा. ड्रॉप थ्री, क्वार्टल वगैरे नंतर बघू, त्याची घाई नाही.

सराव करायला एफमधला ब्लूज सगळ्यात चांगला, बारा बार, आणि कुठल्याही जॅमला वाजतोच. दोन तारांवर सुरू करा, चौथी आणि तिसरी. एफ सेव्हन सात-आठ. बी फ्लॅट सेव्हन सहा-सात, म्हणजे तोच आकार एक फ्रेट खाली. सी सेव्हन आठ-नऊ, एक फ्रेट वर. आठव्या बारमधला डी सेव्हन दहा-अकरा, त्यानंतरचा जी मायनर सेव्हन आठ-दहा, तिथून सी सेव्हन आठ-नऊ आणि परत एफला सात-आठ. पूर्ण ब्लूज दोन बोटांत आणि सहा फ्रेट्सच्या आत. हे आरामात जमलं की दुसरी तार जोडा, एफला आठवा फ्रेट, बी फ्लॅटला पण आठवाच, म्हणजे वर जी तसाच राहतो आणि खालून दोन नोटा एकेक फ्रेट सरकतात, फार छान लागतं ते. सीला दहावा घेतला की सी थर्टीन.

मग कोरसचा आलेख ठरवा. पहिला कोरस फक्त दोन नोटा, दर दोन बारमधे एखादाच कॉर्ड. दुसऱ्यात चार्ल्सटन. तिसऱ्यात तीन नोटा, चारच्या अँडवरची घाई, थोडा आवाज वाढवून. चौथ्यात शेवटचे चार बार सलग चार-बीट. सोलो करणारा पण साधारण असाच चढत जातो, आणि सगळा दारूगोळा पहिल्याच कोरसमधे संपवला तर त्याला चढायला जिनाच उरत नाही.

आता जे पुस्तकात नीट शिकवता येत नाही ते, ऐकणं. सोलो करणारा बोलतोय तेव्हा गप्प राहा आणि त्याने श्वास घेतला की तुमचा कॉर्ड टाका, हा पाया. सॅक्स-ट्रम्पेटवाल्यांना खरोखर श्वास घ्यावा लागतो त्यामुळे जागा सहज दिसतात, पियानो किंवा दुसरी गिटार असेल तर वाक्य कुठे संपतंय ते कानानेच ओळखावं लागतं. प्रत्येक जागा भरायचीच असं मात्र नाही, कधीकधी त्याने मुद्दाम सोडलेली शांतता असते. त्याने एखादा रिदम दोनदा वाजवला की तिसऱ्यांदा तुम्ही त्याच्याबरोबर त्यावर पडू शकता, पण प्रत्येक वेळी त्याची नक्कल करत बसलात तर तो वैतागेल, ते टाळा.

तो कुठल्या सप्तकात आहे ते बघा आणि तिथून बाजूला व्हा. टेनर सॅक्स मधल्या पट्टीत असेल तर तुम्ही वरच्या तारांवर दोन नोटा, ट्रम्पेट वर ओरडत असेल तर तुम्ही मधे. टेन्शन नोट्सच्या, म्हणजे कॉर्डला रंग देणाऱ्या जादा नोटांच्या, बाबतीत जरा आवर घाला. मघाचा ए फ्लॅट कितीही गोड असला तरी सोलोइस्ट जी सेव्हनवर ए नॅचरल धरून बसला असेल तेव्हा तुमचा ए फ्लॅट त्याला चुकीचा पाडतो, आणि ऐकणाऱ्याला चूक त्याचीच वाटते. अनोळखी माणसाबरोबर पहिला कोरस नुसत्या थर्ड-सेव्हन्थवर काढा, तो कुठल्या रंगाने वाजवतोय ते कळलं की मग तुमचे रंग टाका.

बेसच्या सोलोला अगदी कमी, कमी आवाजात, वरच्या तारांवर, बारला एक कॉर्ड पुरतो, आणि एखादा कोरस पूर्ण बंद केलंत तरी कोणी रागावणार नाही, फॉर्म मात्र मनात मोजत राहा. ड्रम्सशी देवाणघेवाण चालू असताना त्याचे चार बार पूर्ण सोडायचे. गायक असेल तर शब्द सर्वात वर, त्याच्या मेलडीच्या वरची नोट घेऊ नका आणि त्याला सूर मिळेल असा स्वच्छ कॉर्ड द्या. ग्रुपमधे पियानो असेल तर आधीच बोलून घ्या, एका सोलोला तो, दुसऱ्याला तुम्ही, किंवा तो मोकळं कॉम्पिंग करणार आणि तुम्ही हलके चार बीट. दोघांनी एकाच वेळी मोकळं कॉम्पिंग केलं तर क्वचितच जमतं. १९६२ ला बिल इव्हान्सने पियानोवर आणि जिम हॉलने गिटारवर दोघांचाच अल्बम केला त्यात ते जमलंय, कारण दोघंही एकमेकांना भरपूर जागा देतात, बेस नाही ड्रम्स नाही तरी कुठेही गर्दी वाटत नाही.

आवाजाचं थोडक्यात. ॲम्पवर ट्रेबल कमी करताना एवढं कमी करू नका की कॉर्ड घोंगडीखालून आल्यासारखा वाटेल, कारण मग रिदम कळत नाही. बास पण कमीच ठेवा, ती जागा बेसची. गिटारचा व्हॉल्यूम नॉब सोलोला पूर्ण आणि कॉम्पिंगला थोडा खाली, ही सवय लावा. पिकने अटॅक चांगला येतो, बोटांनी सगळ्या नोटा पियानोसारख्या एकदम वाजतात, बॅलडला मला बोटं आवडतात आणि मीडियम स्विंगला पिक.

ऐकायचं काय तर असे ग्रुप शोधा जिथे गिटारला लपायला जागा नाही. ऑस्कर पीटरसनचा पन्नासच्या दशकातला ट्रिओ, पियानो, बेस आणि हर्ब एलिसची गिटार, ड्रमर नाहीच, त्यामुळे ड्रम्सचं बरंचसं काम गिटार करते. सॉनी रोलिन्सचा १९६२ चा क्वार्टेट जिथे पियानोऐवजी जिम हॉल आहे. एला फिट्झगेराल्ड आणि जो पास या दोघांचीच रेकॉर्डिंग्ज. पॉल डेझमंडबरोबरचा एड बिकर्ट, टेलिकास्टरवर इतकी मऊ साथ की विश्वास बसत नाही. एक गाणं घ्या आणि सोलोकडे दुर्लक्ष करून फक्त गिटार ऐका, कागदावर बार आखा आणि कॉर्ड जिथे पडतो तिथे नुसती खूण करा, नोटा कुठल्या ते सध्या जाऊ द्या. एका कोरसच्या खुणा झाल्या की त्या जागांवर तुमचे स्वतःचे शेल्स वाजवा. कॉर्ड साधेच असतात पण जागा त्याच्या, आणि एकदम तसा वास यायला लागतो. लगेच कळतं किती बार त्याने काहीच वाजवलं नाही.

रोजच्या अर्ध्या तासात दहा मिनिटं मेट्रोनोमवर चार-बीट आणि चार्ल्सटन, दहा मिनिटं एकाच गाण्याचं व्हॉइस लीडिंग (एका कॉर्डच्या नोटा पुढच्या कॉर्डमधे कशा सरकतात ते), आणि उरलेली दहा मिनिटं कुणाच्यातरी सोलोला साथ. माणूस मिळाला तर उत्तम, नाहीतर स्वतःचा सिंगल नोट सोलो फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच्याखाली कॉम्पिंग करा, आणि ते कॉम्पिंग पण रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना तीन गोष्टी तपासा. टेम्पो वाढला का, कारण ऑफबीट्स वाजवताना तो हमखास वाढतो. कॉर्डची लांबी सगळीकडे सारखीच आहे का, तसं असेल तर काही तोकडे करा. आणि एक कोरस संपून दुसरा सुरू होतो तिथले चार बार परत परत ऐका, कारण फॉर्म स्पष्ट ऐकू यायला हवा तो तिथे, बेस आणि ड्रम्स बंद केले तरी नवीन कोरस कुठे सुरू झाला ते नुसत्या तुमच्या कॉर्ड्सवरून कळत असेल तर त्या गाण्याचं काम झालं, पुढचं गाणं घ्या.